खापरापासून दहा पावलं

बाजारात वालाच्या शेंगांचे ढीग लागले, की अलिबागेत पोपटीचे दिवस सुरू होतात. त्याच आठवड्यात मांडव्याच्या बोटींतून पोपटीचे फोटो काढणारी माणसंही उतरू लागतात. शेंगा दोन-अडीच महिने असतात. माणसं हल्ली बाराही महिने असतात, पण थंडीत त्यांना विशेष बहर येतो. भांबुर्ड्याच्या पाल्यात शेंगा भरून मडकं उलटं ठेवलं, भोवती पेंढा पेटवला, की ती सगळी गोल करून उभी राहतात आणि हात वर करून मोबाईल धरतात. मडकं फोडायच्या आधी एकजण ओरडतो, "थांबा, थांबा, व्हिडिओ चालू नाही झाला!" मग मडकं थांबतं. शेंगा आत जास्त शिजून लगदा होतात. तो लगदा ते चाखतात आणि म्हणतात, "वाव, किती स्मोकी!"

हीच माणसं दुसऱ्या दिवशी किनारा बघायला येतात. किनाऱ्यावर आता माणसाहून उंच अशी इंग्रजी अक्षरं उभी आहेत. या गावावर आपलं प्रेम आहे, असं ती अक्षरं जाहीर करतात. माणसं समुद्रात उभ्या, ओहोटीत पायी जाता येणाऱ्या किल्ल्याकडे पाठ करून त्या अक्षरांत उभी राहतात. फोटोत किल्ला येतो, तो कुणाच्या तरी काखेतून. शेजारी फायबरचे दोन डॉल्फिन आहेत, त्यांच्या पोटात कचरा टाकायची सोय आहे. पलीकडे कानाला माईक लावलेला एक तरुण वीस-पंचवीस जणांना घेऊन चाललेला असतो आणि तो त्यांना काय सांगत असतो, ते मला न ऐकताही माहीत असतं. भुयार. किल्ल्यातून निघून समुद्राखालून थेट गावातल्या हिराकोट किल्ल्यात उघडणारं भुयार. ते ऐकताच वीस-पंचवीस माना एकदम किल्ल्यावरून हिराकोटाच्या दिशेला वळतात, आणि मी बाकावरून उठून घरी जातो. निदान गेल्या वर्षापर्यंत जात असे.

मी इथला नाही. माझं गाव तळा. आमच्याकडे डोंगर, भातखाचरं आणि पावसाचं पाणी, तेही वरून खाली येणारं. जे पाणी दिवसातून दोनदा येतं आणि दोनदा परत जातं, त्याच्यावर माझा कधी विश्वास बसला नाही. ग्रंथपालाची नोकरी लागली म्हणून अलिबागेत आलो आणि पस्तीस वर्षं लोकांना 'हळू बोला' सांगण्यात काढली. माणसांबद्दलचा माझा तुसडेपणा त्या टेबलामागे तयार झाला. पुस्तकाची पानं दुमडणारा माणूस मी वर न बघता ओळखत असे. अशा माणसाला जगाबद्दल फार बरं मत ठेवता येत नाही.

माझी बायको कमल जवळच्याच थळ गावची. बापाची होडी होती, आई टोपली घेऊन अलिबागच्या बाजारात बसायची. घरात पहिली मॅट्रिक झालेली हीच. पुढे ती इथल्या शाळेत भूगोल शिकवू लागली. वर्गात तिची भाषा पुस्तकात छापावी अशी होती. चिडली की मात्र थळ बाहेर यायचं. लग्नानंतरच्या पहिल्याच थंडीत ती मला किल्ल्यावर घेऊन निघाली होती. मी घड्याळ बघत होतो, पाण्याकडे बघत होतो, पुन्हा घड्याळ बघत होतो. तेव्हा ती वाळूत बसकण मारून म्हणाली, "बस जरा. काय घाई हाय?"

हे वाक्य मी नंतर चौतीस वर्षं ऐकलं.

भरती-ओहोटीचं तिचं गणित साधं होतं. इथल्या जुन्या माणसांना ते येतं. ती ते आठवीच्या मुलांना शिकवायची. आजची तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, जे उत्तर येईल तितक्या वाजता भरती पूर्ण होते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. त्यानंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. पावकी-निमकीचे पाढे शाळांतून गेले तरी तिने पाऊणकी सोडली नाही. "पाऊणकी नाही आली तर पोहायला शिका," असं ती मुलांना सांगायची.

पण नुसत्या गणितावर ती एकाही मुलाला पाण्याजवळ नेत नसे. दरवर्षी पोपटीचं एखादं मडकं तडकतंच. त्याचं हाताच्या पंजाएवढं खापर ती ठेवून द्यायची. आमची वाळू काळसर, त्यामुळे खापराची जळकी बाजू खाली आणि लाल बाजू वर. भरती संपली असं गणित म्हणालं, की ती पाण्याच्या अगदी काठावर ते खापर ठेवायची आणि चाळीस मुलांना मागे बसवायची. सगळ्यांनी खापराकडे बघायचं. पाणी खापरापासून दहा पावलं मागे गेलं, की ओहोटी खरोखर लागली. मग ती खापर उचलून पुन्हा पाण्याच्या काठाशी नेऊन ठेवायची. पुन्हा दहा पावलं. मग वीस. मग समुद्र आपणहून भराभर मागे सरायचा आणि मुलांना मधूनमधून पळावं लागायचं. दुसरे मास्तर मुलांना किल्ल्यावर नेत. ही मुलांना समुद्राच्या मागोमाग नेत असे. किल्ल्याच्या दाराशी पोचेपर्यंत साडेचार तास जायचे, आणि त्या वेळात खेकड्यांची बिळं, वाऱ्याने वाळूवर उठलेल्या रेघा, दूर दिसणारे खांदेरी-उंदेरीचे किल्ले हे सगळं बघून व्हायचं. किल्ला ही शेवटची गोष्ट असायची. मुलं तोवर दमलेली असत आणि गप्प ऐकत असत.

तटाजवळ ती मुलांना दगडांच्या सांध्यांत बोटं घालायला लावायची. "चुना लागला का हाताला?" मुलं म्हणायची, नाही. "मग हे पडत का नाही?" मग ती सांगायची की बांधणाऱ्यांनी दगडांवर नुसते दगड रचले. लाट येते, फटींतून आत शिरते, तिचा जोर आतच जिरतो आणि ती परत जाते. भिंत अडून बसली असती तर केव्हाच फुटली असती.

आणि दरवर्षी कुणीतरी हात वर करून विचारायचंच, "बाई, भुयार कुठंय?"

तिचं उत्तर ठरलेलं असे. "जिथे भिंतीतून पाणी आरपार जातं तिथे जमिनीखालून भुयार काढलं, तर ते रोज दोनदा भरेल. त्यातून मासे जातील, मावळे नाही." मुलं हसायची. पण घरी जाऊन आईला काय सांगायची? भुयार आहे. समोरचा एवढा मोठा किल्ला, गोड पाण्याची टाकी, चाकांवर उभ्या दोन तोफा, आणि साडेचार तास मागे सरून वाट करून देणारा समुद्र, हे सगळं ज्यांना पुरत नाही त्यांना भुयार लागतं. कमल यावर हसायची. मी हसू शकत नसे. तीस वर्षं एक बाई उन्हात उभी राहून खरं सांगते आहे आणि गाव तिच्यासमोर मान डोलावून घरी जाऊन खोटं सांगतं आहे, यात मला हसण्यासारखं काही दिसलं नाही.

एक मात्र खरं. तीस वर्षांत तिच्या एकाही मुलाची चड्डी भिजली नाही. तिला अभिमान असलाच तर या एका गोष्टीचा होता. कुणी कौतुक केलं की म्हणायची, "मी काही केलं नाही. फक्त सांगितलं."

दोन वर्षांपूर्वी आषाढात ती गेली. त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही. घरातल्या कॅलेंडरकडे मी सकाळी बघतो आणि तिथी वाचताच डोक्यात आपोआप पाऊणपट होते, एवढंच सांगतो. समुद्राशी मला काही काम नसतं. तरी दिवसभर मला माहीत असतं की तो आत्ता कुठे आहे.

ती गेल्यावरची पहिली थंडी हीच माझी आठवणीची थंडी. पौष लागला होता. दुपारी दारात एक पांढरी गाडी थांबली आणि चाळिशीचा, दंडावर घट्ट बसणाऱ्या शर्टातला एक गृहस्थ खाली वाकून माझ्या पाया पडला. त्याच्या खिशातला गॉगल फरशीवर पडला.

"काका, ओळखलं नाही ना? निलेश. आठवी क. बाईंचा लाडका."

बाईंचा लाडका नसलेला विद्यार्थी मला अजून भेटलेला नाही. ती गेल्यापासून तर सगळेच लाडके झाले आहेत.

निलेश आता पनवेलला असतो, बंगले बांधून विकतो. किहीमच्या नारळांमध्ये जी काचेची घरं उगवली आहेत, त्यांतली काही त्याची. त्याने आणि त्याच्यासारख्या काहींनी मिळून एक समिती काढली होती. किनाऱ्यावरच्या जुन्या जागा लोकांना दाखवायच्या, दर रविवारी. "हेरिटेज वॉक, काका. मुंबईच्या लेव्हलचा. आणि नाव बाईंचं!" त्याने पिशवीतून निमंत्रणपत्रिका काढली. जाड कागद, सोनेरी कडा. 'कमलबाई सागरी वारसा सफर. शुभारंभ व नामफलक अनावरण.' फलकावर काय लिहायचं, तेही त्याने मोबाईलवर दाखवलं. वर कमलचा फोटो, शाळेच्या स्नेहसंमेलनातला, डोळे अर्धे मिटलेले. खाली सहा ओळी. पाचव्या ओळीत भुयार होतं.

"हे कशाला?" मी विचारलं.

"लोकांना आवडतं, काका. मिस्ट्री पाहिजे ना थोडी."

"तिने तुम्हाला काय शिकवलं होतं?"

"नाही, ते बरोबर आहे," तो समजूत घालत म्हणाला, "पण आपण कुठे म्हणतोय की आहेच? 'असे सांगतात' असं लिहिलंय."

मी पत्रिकेकडे बघत राहिलो. फोटोखाली तिचं नाव, नावाखाली तिने तीस वर्षं पुसलेली गोष्ट. तेवढ्यात माझी नजर वेळेवर गेली. 'रविवार, पौष शुद्ध द्वादशी. बाईंच्या गणितानुसार सकाळी ठीक नऊ वाजता ओहोटीच्या मुहूर्तावर समुद्रातून पायी किल्ल्याकडे प्रस्थान.'

"टायमिंग बघितलंत?" निलेशचा चेहरा उजळला होता. "मोबाईलवर टाइड टेबल मिळतं, पण मी म्हटलं, नाही. बाईंच्या कार्यक्रमाला बाईंचंच गणित. बारा पाऊणे नऊ! अजून पाठ आहे, काका."

बारा पाऊणे नऊच. गुणाकारात चूक नव्हती. फक्त पाऊणपट भरतीची वेळ देते, ओहोटीची नाही. आठवी कच्या या लाडक्याने नऊ लक्षात ठेवले होते आणि नऊ वाजता काय होतं ते विसरला होता. रविवारी नऊ वाजता किल्ला चहूबाजूंनी पाण्यात असणार होता.

मी पत्रिका मिटली. "चहा घेणार?" म्हणालो.

तो चहा प्यायला, बशीत बिस्किटाचे तुकडे पाडले, भिंतीवरच्या तिच्या फोटोला हात जोडले आणि गेला. मी त्याला सांगितलं नाही.

पुढचे चार दिवस मी खूश होतो. लिहायला लाज वाटते, पण तिच्या जाण्यानंतर प्रथमच मला कशाची तरी उत्सुकता होती. मी डोळ्यांसमोर चित्र रंगवत होतो. प्रमुख पाहुणे, पांढरे बूट, फुलांचे हार, आणि समोर गच्च भरलेला समुद्र. भुयार हवं ना? मग जा भुयारातून. हे वाक्य मी मनाशी इतक्या वेळा म्हटलं, की ते मला फार विनोदी वाटू लागलं.

रविवारी साडेआठला मी किनाऱ्यावरच्या बाकावर जाऊन बसलो. सगळं माझ्या मनासारखं झालं होतं. मनापेक्षा जरा जास्तच. शनिवारी दुपारच्या ओहोटीत समितीने शंभर खुर्च्या, कापडी मंडप, सतरंज्या आणि नाश्त्याची भांडी बैलगाडीतून किल्ल्याच्या दारापर्यंत नेऊन ठेवली होती. राखणीला आणि सकाळी उपमा करायला दोन माणसंही ठेवली होती. आता ती दोघं पलीकडून हात हलवत होती, आणि अलीकडे शंभर पाहुणे उभे होते. मध्ये समुद्र. नाश्त्याचा उपमा किल्ल्यात आणि भूक किनाऱ्यावर. होड्या होत्या. पण प्रमुख पाहुण्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, ते कमरेएवढ्या पाण्यात उतरून होडीत चढायला तयार नव्हते, आणि ते नाहीत म्हटल्यावर बाकीचेही नाहीत.

किल्ल्यावर घोडागाडी नेणारा गणूदादा माझ्या बाकाच्या टोकाला येऊन बसला. त्याने घोड्याच्या तोंडाला चंदीची पिशवी अडकवली होती. घोडा निवांत होता.

"काय मास्तर, मजा हाय ना?" तो मला मास्तरच म्हणतो, पुस्तकं ज्याच्याकडे असतात तो त्याच्या लेखी मास्तर. "मी परवाच सांगितलं त्यांना. म्हनलं, सायब, नवाला पानी भरतं. दोनला या. तर काय म्हनले माहीत हाय?"

"काय?"

"म्हनले, आता कार्डावर छापलंय!"

गणूदादा इतका हसला की घोड्याने मान वळवून पाहिलं. मीही हसलो. मग त्याने सहज विचारलं, "तुमाला कार्ड न्हाय दिलं?"

"दिलं होतं."

"व्हय?" एवढंच म्हणून तो समुद्राकडे बघू लागला. बाकावर आमच्यामध्ये वीतभर जास्त अंतर पडलं असं मला वाटलं. कदाचित तो नुसताच सरकून बसला असेल.

तेवढ्यात लाऊडस्पीकर सुरू झाला. जागेवरच दोन शब्द बोलून घ्यावेत असं ठरलं होतं. प्रमुख पाहुण्यांनी माईक हातात घेतला, पाण्याकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाई भूगोलाच्या होत्या असं ऐकून आहे. पण गणितात जरा कच्च्या असाव्यात!"

शंभर माणसं हसली. कुणी वाईट हेतूने हसलं नाही. थंडीत, उपाशीपोटी, ताटकळलेली माणसं हसतात तशी ती हसली. कुणीतरी म्हणालं, "जुनी गणितं हो! आता ॲप बघायचं!" पुन्हा हशा.

चार दिवस मी ज्या हशाची वाट बघत होतो, तो हाच. फक्त तो निलेशवर होणार होता. मूर्ख माणसाची फजिती झाली की तो मूर्ख ठरतो, असं मी धरून चाललो होतो. तो ती फजिती उचलतो आणि मेलेल्या माणसाच्या अंगावर टाकतो, हे पस्तीस वर्षं एवढी पुस्तकं हाताळूनही माझ्या लक्षात आलेलं नव्हतं. तिची तीस वर्षांची एकच गोष्ट कोरडी होती. ती मी, तिच्या नवऱ्याने, गप्प बसून भिजवली होती.

मी उठलो. मी कधी माईकवर बोललेलो नाही. गर्दीतून पुढे जाताना माझ्या चपलेत वाळू शिरत होती. पाहुण्यांच्या हातातून माईक घेतला आणि म्हणालो, "गणित बरोबर आहे. द्वादशी. बारा पाऊणे नऊ. नऊ ही भरतीची वेळ. बाईंनी भरतीचीच शिकवली होती. ओहोटी तीनला आहे. पावणेदोन वाजता वाट मोकळी होईल. ज्यांना जायचं आहे त्यांनी बसावं."

टाळ्या पडल्या. कुणी काही ऐकलं नव्हतं. बाईंचे यजमान बोलले, एवढंच त्यांना कळलं होतं. एका बाईंनी घाईघाईने माझ्या खांद्यावर शाल टाकली आणि हातात नारळ दिला. फोटो निघाला. पाहुणे माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "फार हृद्य बोललात." मग ते गाडीत बसले, आणि त्यांच्या मागोमाग दहा मिनिटांत किनारा रिकामा झाला. जाताना बऱ्याच जणांनी त्या इंग्रजी अक्षरांत उभं राहून फोटो काढले. तेवढ्यासाठी आले होते असं म्हणावं, तर तेवढं त्यांना मिळालं.

निलेश राहिला. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला फलक वाळूत आडवा पडला होता, त्याच्या शेजारी तो उकिडवा बसला होता. कानापासून मानेपर्यंत लाल. मला वाटलं, आता माफी मागेल, आणि ती कशी झटकायची ते मी तयार ठेवलं होतं.

"काका," तो म्हणाला, "मी पत्रिका दाखवली तेव्हा तुम्हाला कळलं होतं?"

"हो."

"तेव्हाच?"

"तेव्हाच."

तो बराच वेळ प्लास्टिकच्या दोरीची गाठ सोडवत आणि पुन्हा बांधत राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाईंनी सांगितलं असतं."

त्याच्या आवाजात राग नव्हता. आठवीतल्या मुलाने वर्गात उत्तर द्यावं तसं त्याने ते दिलं. आणि ते बरोबर होतं. तिने निलेशला आधी मूर्ख म्हटलं असतं, पाऊणकी पहिल्यापासून म्हणून घेतली असती, थळच्या भाषेत दोन शिव्या हासडल्या असत्या, आणि मग सांगितलं असतं. मी त्याला बिस्किटं दिली होती.

आम्ही दोघं तिथेच बसलो. करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. त्याच्या शंभर खुर्च्या पलीकडे होत्या. अकराच्या सुमारास गणूदादाने कुणाच्या तरी घरची पोपटी वर्तमानपत्रात बांधून आणली. आम्ही तिघांनी ती खाल्ली. शेंगा बरोबर शिजल्या होत्या, कुणी व्हिडिओ काढला नव्हता. पाणी हळूहळू मागे चाललं होतं. आम्ही ते बघत होतो. दीडच्या पुढे आम्ही उठलो आणि ओल्या वाळूतून किल्ल्याकडे चालू लागलो. निलेशने बूट हातात घेतले होते. फलक त्याने बरोबर घेतला नाही. मीही 'घे' म्हटलं नाही.

तटाशी पोचल्यावर तो थांबला आणि दगडांच्या फटीत त्याने चार बोटं घातली. बाहेर काढून बघितली. माझ्यासमोर धरली.

"चुना नाही," तो म्हणाला.

आम्ही आत गेलो. राखणीची दोन माणसं गार उपमा खात बसली होती. त्यांनी आम्हालाही दिला.

यातून फार काही सुधारलं असं कुणी समजू नये. समिती पहिल्या महिन्यातच विझली. फलक पनवेलला कुठल्याशा गोदामात आहे म्हणतात. माईकवाला तरुण दर रविवारी भुयार सांगतो आणि माना वळतात. डॉल्फिन दोनाचे चार झाले. मला माणसं पूर्वीइतकीच नावडतात. या थंडीत तर थोडी जास्तच, कारण आता मी त्यांना जवळून बघतो.

कारण आता मी उठून घरी जात नाही. दर रविवारी सकाळी बाकावर बसतो, आणि पाण्याकडे निघालेला कुणीही दिसला की त्याला सांगतो. प्रेमाने सांगतो असं नाही. तसं मला जमत नाही. परवाच एक जोडपं आलं. त्याच्या गळ्यात कॅमेरा, तिच्या डोक्यावर मोठी टोपी, दोघांच्या हातांत कॉफीचे कागदी पेले. पाणी गुडघ्याला लागत होतं तरी पुढे चालले होते.

"मागे फिरा," मी ओरडलो.

"अंकल, तिकडे जाऊन लगेच येतो. भुयार बघायचंय."

"भुयार नाही."

"गाइड म्हणाला..."

"गाइड गाढव आहे. आज दशमी. साडेसातला भरती होती, दीडला ओहोटी. बारा वाजता निघालात तर पाय भिजणार नाहीत. तीनच्या आत परत या."

ती मुलगी त्याच्याकडे बघून हळूच म्हणाली, "किती रूड आहेत!" हे अगदी खरं होतं. पण ती दोघं मागे फिरली आणि काठावर उभी राहिली, पायांची चुळबुळ करत, घड्याळात बघत, पाण्याकडे बघत, पुन्हा घड्याळात बघत.

मी पिशवीतून कमलचं खापर काढलं. काठापर्यंत चालत गेलो, जळकी बाजू खाली करून ते ओल्या वाळूत ठेवलं आणि सरळ झालो.

"याच्याकडे बघा," मी त्यांना म्हणालो. "पाणी इथून दहा पावलं मागे गेलं, की हे उचलायचं आणि पुन्हा पाण्याशी नेऊन ठेवायचं."

"आणि तोपर्यंत काय करायचं?" त्याने विचारलं.

"बसा जरा," मी म्हणालो. "काय घाई हाय?"